काळेवाडीचे राष्ट्रीय अध्यक्ष

अख्ख्या भारतात लोकांच्या बंद दारांसमोर आमच्या थोरल्या साडूंइतका वेळ उभा राहिलेला दुसरा माणूस नसेल. दूधवाला, पोस्टमन, मतं मागणारे यांच्यासाठी कधी ना कधी दार उघडतं. आमचे साडू कोर्टात बेलिफ होते. समन्स, नोटीस, जप्तीचं नाहीतर ताब्याचं वॉरंट घेऊन जायचं, ज्याचं त्याच्या हातात द्यायचं आणि सही घ्यायची, हे त्यांचं काम. ते जिन्यात दिसले की भरल्या घरातली कर्ती माणसं एकाएकी परगावी जायची. थेरगावात एकदा पलंगाखालून खोकल्याचा आवाज येत असताना बाई सांगत होती, "ते कोल्हापूरला गेलेत." साडू शांतपणे म्हणाले, "मग कोल्हापुरात त्यांना आल्याचा काढा द्या. खोकला लई वाईट हाय."

नोकरीतल्या सवयी त्यांच्या अंगात इतक्या मुरल्या होत्या, की घरचं कार्य असलं तरी त्या सुटायच्या नाहीत. बेल वाजवून ते दाराच्या बाजूला सरकून उभे राहात, म्हणजे आतल्या माणसाला भोकातून दिसू नये. आमच्याकडे गणपतीला आले, बेल वाजवली, बायकोनं पाहिलं तर कुणी नाही, म्हणून तिनं दार लावून घेतलं. आरती संपवून आम्ही चपला घालायला बाहेर आलो तेव्हा साडू मोदकांचा डबा धरून भिंतीला चिकटून उभे होते. पुन्हा बेल का वाजवली नाही, असं विचारल्यावर म्हणाले, "घाई केली की माणूस मागच्या दारानं जातो." माणसाची ओळख पटवल्याशिवाय ते बोलायला सुरुवात करत नसत. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या वडिलांना गाठून त्यांचं, आजोबांचं आणि गावाचं नाव एका दमात घेतलं आणि विचारलं, "ते आपणच का?" वडील इतके दचकले, की "नाही" म्हणून मोकळे झाले.

मोठी गंमत, आणि खरं म्हणजे मोठं दुःख, संक्रांतीला व्हायचं. त्यांनी तिळगूळ पुढे केला की त्यांच्या काळेवाडीतली चांगली धीट माणसंही आधी हात मागे घ्यायची. मग लाजून पुढे करायची, पण तोवर साडूंना दिसलेलं असायचं. ते तिळगूळ समोरच्या कट्ट्यावर ठेवून पुढे जात. मला म्हणाले होते, "हातात नाही घेतलं तरी चालतं, पाव्हणं. समोर ठेवलं की पोचलं."

निवृत्त झाल्यावर हा माणूस बीडकडच्या आपल्या गावी जाऊन शेत बघेल, अशी आमची समजूत होती. त्यांनी काढला अखिल भारतीय समन्स-बजावणी सेवक महासंघ. राष्ट्रीय मुख्यालय त्यांच्याच पुढच्या खोलीत होतं. दारावर आमच्या मेहुणीची, म्हणजे ताईंची, 'साडीला फॉल-पिको करून मिळेल' अशी पाटी आधीपासून होती. तिच्याखाली महासंघाची पाटी लागली. त्यामुळे बायका साड्या घेऊन थेट राष्ट्रीय अध्यक्षांपुढे येत आणि अध्यक्षही कुठल्या साडीला कुठला फॉल ते नीट विचारून घेत. महासंघात सभासदांपेक्षा उपाध्यक्ष जास्त होते. ज्याला त्याला उपाध्यक्षच व्हायचं असे आणि साडूंच्यानं नाही म्हणवत नसे. संध्याकाळी फोन सुरू व्हायचे. कुणावर कुत्रं सोडलेलं, कुणावर उकळतं पाणी ओतलेलं, कुणाची मोटारसायकल विहिरीत टाकलेली. साडू आपल्या बीडच्या हिंदीत धीर देत, "आप घबराव मत. मैं इधर बैठेला है ना."

ताई एकदा वैतागल्या. "रोज मेलं दुःखच ऐकता हो तुम्ही."

"मग? सुखी बेलिफ फोन कामून करील?"

अशात मनीषाचं प्रकरण झालं. मनीषाचा नवरा बेलिफ होता. तो वारल्यावर अनुकंपेवर तिला त्याची जागा मिळाली होती आणि काम साडूंनी शिकवलं होतं. पदरात लहान मुलगी. चाकणला एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या ताब्याचं वॉरंट घेऊन ती एकटीच गेली. मालकाच्या माणसांनी तिला लोखंडी जिन्यावरून ढकललं. मांडीचं हाड मोडलं, आत पट्टी घालावी लागली. साडू दवाखान्यात गेले, तेव्हा ती म्हणाली, "काका, मी त्यांना नाव विचारत होते हो. तुम्ही शिकवलं तसं." घरी येऊन साडू जेवले नाहीत.

बेलिफाबरोबर एक तरी पोलीस द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती. इथल्या कचेऱ्यांमध्ये ती त्यांनी सगळीकडे मांडून पाहिली. सगळीकडे माणसं सहानुभूतीनं मान हलवत आणि वरच्या मजल्याकडे बोट दाखवत. वर वर जाता जाता साडू दिल्लीला पोचले. सोबतीला ओडिशाचे उपाध्यक्ष आले. हे दोघं वर्षानुवर्षं रोज फोनवर बोलत असले, तरी त्यांनी एकमेकांना पाहिलं मात्र नव्हतं. स्टेशनवर साडूंनी आधी त्यांचं संपूर्ण नाव विचारलं आणि मग मिठी मारली.

तिथल्या सगळ्यात वरच्या कचेरीच्या फाटकावर सांगितलं, की निवेदन पोस्टानं पाठवा. साडू म्हणाले, हातात देणार. साहेब मीटिंगमध्ये होते. मग दौऱ्यावर होते. मग जेवायला होते. ज्या माणसानं हयातभर हीच उत्तरं ऐकली, त्याला ती ओळखता येणार नाहीत का? साडूंनी शेवटी कायद्यात सांगितलं आहे तेच केलं. घेणारा घेत नसेल तर पंचांसमक्ष कागद दारावर डकवायचा. त्यांनी डिंकाची बाटली आणली, उपाध्यक्ष आणि एक चहावाला असे दोन पंच उभे केले, निवेदन मोठ्यानं वाचलं आणि कचेरीच्या फाटकावर चारी कोपरे दाबून चिकटवून टाकलं.

पोलिसांनी दोघांनाही चौकीत नेलं. हवालदार वयानं लहान होता. त्यानं चहा पाजला आणि "ताऊ, घर जाओ" म्हणून सोडून दिलं. परतताना साडू मुद्दाम फाटकावरून आले. कागद खरवडून काढला होता. कोपरे तेवढे राहिले होते. "डिंक चांगला होता," घरी आल्यावर ते मला म्हणाले.

त्या प्रकारानंतर महासंघाला ओहोटी लागली. ज्यांच्या नोकऱ्या शिल्लक होत्या ते घाबरले. एकेक उपाध्यक्ष मोबाईलवरच्या ग्रुपमधून निघून गेला. साडू कुणाला दोष देत नसत. "पोटं आहेत त्यांना," म्हणत. मागणीचं काही झालं नाही. मनीषा लंगडत कामावर रुजू झाली. टेबलाचं काम मागितलं, ते मिळालं नाही. बंदोबस्त उपलब्ध नाही, हे उत्तर मात्र प्रत्येक वेळी मिळे.

मग साडूच तिच्याबरोबर जाऊ लागले. स्कूटरवर, कसलाही अधिकार नसताना. कुणी विचारलं, "हे कोण?" तर मान ताठ करून सांगत, "राष्ट्रीय अध्यक्ष." गेटवरचे सुरक्षारक्षक गोंधळून सलाम ठोकत. गुडघ्यांनी दगा दिल्यावर तेही संपलं. तेव्हा त्यांनी नवीन पद्धत काढली. मनीषा कुठल्याही दारात पोचली की साडूंना फोन लावायची आणि चालू ठेवूनच खिशात टाकायची. साडू काळेवाडीत फोन कानाला लावून बसत. बोलत काहीच नसत. पलीकडे दारं आपटायची, शिव्या यायच्या, यंत्रांचा खडखडाट यायचा. कितीतरी वेळानं तिचा आवाज येई, "झालं, काका." मग साडूंचा हात लाल झालेल्या कानावरून खाली येई. मी एकदा म्हणालो, "अण्णा, काही झालंच तर तुम्ही इथून काय करणार?" ते म्हणाले, "काहीच नाही. पण तिला माहीत पाहिजे, कुणीतरी ऐकतंय."

गेल्या थंडीत साडू झोपेतच गेले. ओडिशाहून फोन आला. उपाध्यक्ष पलीकडे रडत होते आणि मी साडूंच्याच हिंदीत म्हणत होतो, "आप घबराव मत."

तेराव्यानंतर मी एका दुपारी ताईंकडे बसलो होतो. साडूंचा फोन वाजला. ताईंनी उचलला. मनीषा होती. "सवयीनं लागला हो," म्हणाली. "चुकले. ठेवते."

"कुठं आहेस?" ताईंनी विचारलं.

"तळवड्याला. एका शेडच्या गेटवर."

"कुणी आहे बरोबर?"

"एकटीच आहे."

"मग ठेवू नको," ताई म्हणाल्या. "जा आत."

ताईंना कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. नवऱ्याच्या त्या महासंघावर त्या जन्मभर चिडत आल्या. फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून त्या डोळे मिटून बसल्या. पलीकडचं कुणाचं तरी चढ्या आवाजातलं बोलणं मला समोरच्या खुर्चीवरही ऐकू येत होतं. मी चहा टाकायला उठलो. ताईंनी डोळे न उघडताच हात वर केला आणि मला गप्प बसायची खूण केली.