विहिरीतून आलेले चार हिसके

भूत, भानामती, अंगात येणं — यातलं मी काहीही मानत नाही. तेव्हा मानत नव्हते, आज तर मुळीच नाही. आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला ताईत पाठवायला नको!

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा उन्हाळा. मी सोलापुरात शिक्षिका, शिवाय आमच्या पोहण्याच्या मंडळाची चिटणीस. मंगळवेढ्याजवळच्या एका गावाहून निरोप आला — पिण्याच्या विहिरीतल्या इंजिनाच्या पाइपाचा फूटव्हॉल्व्ह (खालच्या टोकाची झडप) निखळून तळाला गेलाय, बुडी मारणारे पाठवा. विहीर अनोळखी. म्हणून मी पत्रानं विचारून घेतलं: पाणी किती पुरुष खोल, कपारी कुठे, आतून माहिती असलेला माणूस कोण. माणूस मिळाला — सिद्रामअप्पा, साठीचे, त्याच विहिरीत पोहायला शिकलेले. आमच्याकडून मागावर काम करणारा नरसय्या आणि त्याचा जोडीदार दत्तू. एकानं खाली जायचं, दुसऱ्यानं अप्पांबरोबर वर दोर धरायचा. हवेची टाकी वगैरे कुठली... सगळं दम धरून.

काठावरच घोळ निघाला.

"दोन हिसके म्हंजी दोर सैल सोडा," अप्पा म्हणाले.

"आमच्यात दोन म्हणजे वर ओढा!" दत्तू.

"मग झालंच की! त्यो म्हणंल वडा, आनि आमी सोडू!"

मी नवीनच खूण ठरवली. दोन हिसके, थांबा, पुन्हा दोन — वर ओढा. तिघांकडून मोठ्यानं म्हणवून घेतली.

"बाई, परीक्षापण घेणार काय?" म्हणत नरसय्या कमरेला दोराचा फास अडकवून हसत उतरला.

मी घड्याळ बघत होते. चाळीस सेकंद. त्याचा दम दीड मिनिटाचा, म्हणजे काळजीचं कारण नव्हतं. तेवढ्यात दोर हलला. दोन. थांबला. दोन.

दत्तूनं ओढला... दोर हलका! टोकाचा फास रिकामा. दत्तूनं तशीच उडी टाकली, मागोमाग अप्पांनी. दोघांनी नरसय्याला वर आणलं तेव्हा तो निपचित होता. पालथा घालून पाठ दाबली. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मग तो खोकला.

"बाई, रागवू नका," बोलता आल्यावर तो म्हणाला. "दोर पाइपात गुंतत होता, म्हणून तळाला गेल्या गेल्या काढून टाकला. मग कपारीत हात अडकला. दोर कुठं गेला दिसेना. हिसके मी दिलेच नाहीत."

जमलेल्या बायकांमधली एक पुढे आली. "पाण्यातल्या साती आसरा हायत हितं. त्यांनीच वडला. ओटी भरा बाई."

"त्यांना माझी खूण कशी कळली?"

"काठावर वरडून सांगितली की तुमी!"

सगळे हसले. मी नाही.

आता कुणी उतरू नका, असं गाव म्हणायला लागलं. मी म्हटलं, मग उद्या प्यायचं काय? दत्तूच्या कमरेची गाठ मी स्वतः बांधली. फूटव्हॉल्व्ह काढूनच आम्ही निघालो. ओटी भरली नाही. नरसय्यानं मात्र नारळ फोडला. जीव त्याचा होता, मी अडवलं नाही.

नंतर अनेकांनी मला समजावलं. मासा असेल, कासव असेल, दोर पाइपाला घासला असेल. असेल! एखादा हिसका मासा देईल. पण मध्ये थांबून पुन्हा दोन? दत्तूच्या मनाचा खेळ म्हणाल, तर दोर हलताना मी स्वतः पाहिला. उत्तर माझ्याकडे नाही, आणि नाही म्हणायला मला लाज वाटत नाही.

फक्त एक. या अनुभवाला घाबरायला हवं, असं मला कुणी सांगू नये. खाली जे कुणी होतं, किंवा नव्हतं, त्यानं आमचा माणूस बुडू दिला नाही. त्याला मी का घाबरू?