इंद्रभानच्या सायकलीला मोटर

केनवडच्या इंद्रभानने तीस वर्षं सायकलवर टोस्ट आणि खारी विकली. कॅरियरवर पत्र्याचा डबा, हँडलला दोन पिशव्या. सकाळी सातला निघालेला माणूस पाच खेडी करून दुपारी घरी जेवायला. साठी गाठली तशी गुडघ्यांनी मात्र असहकार पुकारला. चढ लागला की तो खाली उतरून सायकल ढकलायचा, आणि तेवढ्यात मोटारसायकलवरचा दुसरा टोस्टवाला पुढच्या गावात चहाची वेळ गाठायचा.

बापाची ही गत पाहून पौर्णिमाने सायकल ताब्यात घेतली. त्याची ही थोरली मुलगी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन आलेली. गावातल्या विहिरींवरच्या जळलेल्या मोटरी तिच्याच हातून पुन्हा चालू व्हायच्या. तिने मोटर असलेलं मागचं चाक मागवलं. जुन्या सायकलचा चाक धरणारा चिमटा त्याला अरुंद पडला, तर कानशीने घासून जागा केली. चाकाचा आस फिरून मोटरीच्या तारा तुटू नयेत म्हणून जाड लोखंडी पट्टी ठोकली. बॅटरीला पत्र्याची पेटी, पेटीत ट्रकच्या ट्यूबचं रबर. चार दिवस हे काम चाललं. त्या चार दिवसांत इंद्रभानचा पुतण्या संघदीप याने दोनदा पाना धरला आणि सतरा व्हिडिओ काढले.

व्हिडिओत अर्थातच संघदीप होता. आठवड्यात ‘केनवडच्या तरुणाची कमाल’ तालुकाभर झाली. गावात एक सत्कार समिती होती आणि बऱ्याच दिवसांपासून तिला सत्कार करण्याजोगं कोणी सापडत नव्हतं. तिने लगेच मंडप घातला.

इंद्रभान समितीचे अध्यक्ष मदनसिंग यांच्याकडे गेला. सायकल पोरीनं केली, पुतण्यानं फक्त पाना धरला, हे त्याने दोनदा सांगितलं. मदनसिंगांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पोरीनं मदत केली असंन तर तिचंही नाव घेऊ ना,” ते म्हणाले. “आपण काय बाईमाणसाच्या विरोधात हाओ काय?”

नाव खरोखर घेतलं गेलं. पाहुणे जास्त येणार म्हणून चहाची जबाबदारी पौर्णिमाकडे देण्यात आली, आणि मदनसिंगांनी भाषणात ‘बहिणीच्या चहापाण्याच्या सहकार्याचा’ गौरवाने उल्लेख केला. शाल, नारळ आणि फेटा संघदीपला मिळाला. इंद्रभान पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. आपण आणखी जोरात बोलायला हवं होतं, असं त्याला वाटत राहिलं.

मग रिसोडहून आलेल्या प्रमुख पाहुण्यांनी सायकल चालवून दाखवायला सांगितलं. संघदीप बसला. घाबरून त्याने ब्रेक घट्ट आवळला आणि उजवी मूठ पिळली. सायकल हलली नाही. त्याने आणखी पिळली. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. कोणी म्हणालं, ऊन लागलं असंन. कोणी म्हणालं, चिनी माल.

चहाचा ट्रे घेऊन पौर्णिमा तिथूनच चालली होती. ती थांबली.

“ब्रेक सोड, भाऊ. ब्रेक दाबला की करंट बंद होते.”

संघदीपने ब्रेक सोडला, पण पिळलेली मूठ सोडायची राहून गेली. सायकल त्याला घेऊन मंडपाच्या कनातीतून आरपार गेली आणि पलीकडच्या कडब्याच्या गंजीत शिरली. इंद्रभान उठला. गुडघ्यांना विसरून धावला. पुतण्याला ओढून बाहेर काढलं, धड आहे हे पाहिलं, आणि परत येऊन कोणी देत नव्हतं तरी माइक हातात घेतला.

“सायकल माह्या पोरीनं बनवली,” तो म्हणाला. “आता तरी आयका.”

टाळ्या पडल्या. मदनसिंगांनी समारोपात बापाच्या मायेचं फार कौतुक केलं.

इंद्रभान आता पाच नाही, नऊ खेडी करतो, आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला टोस्टच्या आधी ही हकीकत देतो. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणखी सहा सायकली येऊन पडल्या, तेव्हा त्याने रिसोडच्या पेंटरकडून पाटी रंगवून आणली: ‘पौर्णिमा इलेक्ट्रिक सायकल’.

परवा शिरपूरचे एक मास्तर आपली सायकल घेऊन आले. त्यांनी पाटी वाचली, कानशीने चिमटा घासत बसलेल्या पौर्णिमाकडे पाहिलं.

“पौर्णिमेले चालू केलं वाटते दुकान. बरं, मिस्त्री कुठी गेले?”

“मिस्त्री कामात हाय,” पौर्णिमा मान वर न करता म्हणाली. “तुमी सायकल तिकडं लावा अन् बसा.”

मास्तर बसले. अर्धा तास मिस्त्रीची वाट पाहत राहिले.