मुद्देमाल खोलीत बंद झालेला आवाज

निवृत्त झाल्यावर बऱ्याच केसेस विसरलो, पण हार्ड डिस्कच्या चोरीची ती केस अजून मनातून जात नाही. तशी ती किरकोळच. खून नाही, दरोडा नाही, कोणाला ओरखडाही आला नाही. नावं मी सांगणार नाही. त्यातली माणसं अजून त्याच भागात राहतात आणि बाजारात एकमेकांना दिसतात.

मी तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपून मी बंदोबस्ताचे कागद पाहत बसलो होतो. तेवढ्यात गावातला स्टुडिओवाला तक्रार द्यायला आला. लग्नाची, जयंतीची, निवडणुकीची, सगळी गाणी हा माणूस रेकॉर्ड करून द्यायचा. त्याच्या स्टुडिओतून एक हार्ड डिस्क गेली होती.

मी स्वतः पंचनाम्याला गेलो. एका खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून त्याने स्टुडिओ केला होता. कुलूप शाबूत होतं. महागडा माइक जागेवर, लॅपटॉप जागेवर. ड्रॉवरमधली तेवढी एकच डिस्क गायब. चोर पैशासाठी आला की हाताला लागेल ते उचलतो. एकच वस्तू जाते तेव्हा नेणाऱ्याला ती माहीत असते. आत येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्या माणसांचीच विचारपूस करा, असं मी हवालदारांना सांगितलं.

डिस्कमध्ये काय होतं, हे विचारल्यावर स्टुडिओवाला जरा अडखळला. आमच्या भागातल्या एका भीमगीत गायकाची सगळी गाणी त्यात होती. हा गायक वर्षापूर्वीच आजाराने वारला होता. त्याला मी एकदा बंदोबस्तात असताना ऐकलं होतं. माइक बंद पडला तरी मागच्या माणसापर्यंत पोचेल असा आवाज.

"त्या गाण्यांचे हक्क मी एका कंपनीला विकलेत," स्टुडिओवाला म्हणाला. "जुनं रेकॉर्डिंग बाहेर गेलं तर जबाबदारी माझी, अशी करारात अट आहे. म्हणून तक्रार."

"विकायची वेळ का आली?"

तो काही लबाड माणूस नव्हता. त्याने सरळ सांगितलं. "साहेब, कॅसेट होती तेव्हा माणूस दुकानात यायचा आणि गाणं विकत घेऊन घरी न्यायचा. मग मेमरी कार्डं भरून दिली. आता गाणं कोणी विकत घेतच नाही. सगळं ॲपवर. किती वेळा वाजलं, त्यावर पैसे, आणि तेही मधल्या कंपन्यांच्या हातून झिरपत येणार. अर्ध्या मिनिटाच्या आत ऐकणाऱ्याने पुढे ढकललं तर ते वाजलं असं धरतच नाहीत. लाखांनी ऐकलं तरच दुकान चालतं. कंपनी म्हणाली, चाली चांगल्या आहेत, आवाज जुना वाटतो. त्यांनी संगीत तेच ठेवलं आणि एका नव्या पोराचा आवाज त्यावर बसवला. जुनी गाणी ॲपवरून काढून टाकली."

"गायकाला विचारलं होतं?"

"त्याने हयातीतच सगळे हक्क मला लिहून दिले होते. बेकायदेशीर काही नाही, साहेब."

ते खरंच होतं. करारनामा मी वाचला. सही गायकाचीच होती.

स्टुडिओवाल्याचा संशय गायकाच्या ढोलकीवाल्यावर होता. नव्या गाण्यांत ढोलकी त्याचीच वाजत होती, पण नाव कुठेच नव्हतं. त्यावरून दोघांचं भांडण झालं होतं. ढोलकीवाल्याला ठाण्यात बोलावलं. साठीच्या पुढचा, सडपातळ माणूस. मी समोर बसवून पाणी दिलं. पहिला प्रश्न विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मीच नेली."

माझा अनुभव असा, की खरा चोर आधी नाही म्हणतो, मग थोडं कबूल करतो, मग रडतो. एवढ्या घाईने कबूल होणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या कुणासाठी बोलत असतो.

"कशी नेली?" मी विचारलं.

"डोक्यावर. पोत्यात घालून."

"केवढी होती?"

त्याने दोन्ही हात फाकवून पेटीएवढं माप दाखवलं. चोरीला गेलेली डिस्क तळहातावर मावणारी होती. मी माझा मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "बाबा, ती एवढीच असते. पोतं कशाला लागलं?"

तो मोबाइलकडे बघत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "सायेब, माझं नाव लिहा अन् मिटवा. मला पुढं-मागं कोणी न्हाई."

"कुणासाठी लिहू?"

त्याने समोरचं पाणी संपवलं आणि तो उठून उभा राहिला. मी जोर केला नाही. पण दिशा कळली होती. मेलेल्या गायकाच्या गाण्यांसाठी हा म्हातारा कुणाच्या वाटचं जेलात जायला तयार होईल, याचा अंदाज करायला फार हुशारी लागत नाही.

त्याच दुपारी आमच्या बीट हवालदारांना खबर मिळाली. पालम रस्त्यावर जीप चालवणाऱ्या एकाने बोलता बोलता सांगितलं, "त्या गायकाची बायको परवा माझ्या गाडीत होती. गाडी खचाखच भरलेली. म्या म्हणलं, मावशी, डबा खाली ठेवा. तर पोटाशी धरून बसली. लेकरू धरावं तसं."

महिला शिपाई बरोबर घेऊन आम्ही तिच्या गावी गेलो. दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती आणि बाजूला हार घातलेला नवऱ्याचा फोटो. बाई अंगणवाडीत मदतनीस होती. आम्हाला बघून तिने "जय भीम" केला आणि न विचारता आत गेली. स्टीलचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला. आत नवऱ्याच्या उपरण्यात गुंडाळलेली डिस्क होती.

"ताई, का नेली?"

"माझ्या मालकाचा आवाज हाय त्याच्यात." ती शांतपणे बोलत होती. "मोबाइलवर रोज ऐकायचे मी. एक दिवस गाणी दिसनात. मला वाटलं मोबाइल बिघडला. मग आमच्या भावकीत लग्न होतं. तिथं त्यांचं गाणं लागलं. पेटी तीच, ढोलकी तीच. मी उठून उभी राहिले. अन् आवाज आला तो भलत्याच माणसाचा."

 महिला शिपायाने तिला खाली बसवलं.

"कॅसेटी नाहीत का घरात?" मी विचारलं.

"बुरशी लागली. लोकांच्या मोबाइलात कार्यक्रमाचे तुकडे हायेत, पण त्यात भोंग्याचाच कालवा. मी तुमच्या ठाण्यात बी आले होते. तिथल्या तक्रार लिहून घेणाऱ्या मुन्शीनं सांगितलं, हे दिवाणी हाय, कोर्टात जावा."

मुन्शीचं उत्तर चूक नव्हतं. ज्याने हक्क लिहून घेतले त्याने ते विकले, यात पोलिसांनी दखल घ्यावी असा गुन्हा होत नाही. मी तिथे असतो तर मीही तेच सांगितलं असतं.

पुढचं तिने आपण होऊन सांगितलं. नवऱ्याचा डबा घेऊन ती पूर्वी स्टुडिओत जायची. तेव्हा त्यानेच ड्रॉवर उघडून दाखवलं होतं, की माझी सगळी गाणी यात आहेत. परवा ती स्टुडिओवाल्याला विनवायला गेली. लाइट गेली म्हणून तो बाहेर चहाला गेला होता. दार नुसतं लोटलेलं होतं.

"ऐकली का मग गाणी?" मी विचारलं.

"कशावर ऐकू? मोबाइलला जोडता येईना. दुकानात न्यायची भीती वाटली." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सायेब, तुमच्याकडं कंपूटर असंल. एकदा लावून दावा. एकच गाणं. मग मला कुठं न्यायचं तिथं न्या."

मी नाही म्हणालो. जप्त केलेली डिस्क कुठल्याही संगणकाला जोडली की तिच्यात फेरफार झाल्याचा आक्षेप कोर्टात येतो. पंचांसमोर ती पाकिटात घालायची, सील करायची, सह्या घ्यायच्या. हेच मी तिला समजावून सांगितलं. तिने मान हलवली. लाखेचं सील लागेपर्यंत ती त्या पाकिटाकडे बघत उभी होती.

तिला अटक दाखवून कोर्टात हजर केलं. जामीन लगेच झाला. ढोलकीवाला जामीनदार म्हणून आला होता. मी स्टुडिओवाल्याला बोलावून म्हणालो, "डिस्क ताब्यात मिळावी म्हणून अर्ज करा, आणि बाईला एक प्रत काढून द्या."

तो हात जोडून म्हणाला, "साहेब, डिस्क मला नकोच आहे. माझी तक्रार नोंदली गेली, करारापुरतं मी सुटलो. प्रत दिली तर कंपनी माझ्यावर दावा लावील." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच्या स्टुडिओतली बहुतेक गाणी त्याच गायकाची. दोघांनी मिळूनच तो धंदा उभा केला होता.

बाईच्या वकिलाने प्रतीसाठी अर्ज केला. कंपनीने हरकत घेतली. तारखा पडत गेल्या. पाकीट मुद्देमाल खोलीत राहिलं, पत्र्याच्या छताखाली, दारूच्या बाटल्या आणि अपघातातल्या गाड्यांच्या सुट्या भागांशेजारी. माझी बदली झाली, मग निवृत्ती. शेवटी स्टुडिओवाल्यालाच राहवलं नाही. त्याने कोर्टात तडजोड केली, डिस्क ताब्यात घेतली आणि कंपनीची पर्वा न करता बाईला नेऊन दिली. पण डिस्क सुरूच झाली नाही. उन्हाने की दमटपणाने, कोण जाणे. परभणीतल्या जाणकारांनी बघितली, नांदेडला पाठवली. आतलं काही निघालं नाही.

मागच्या वर्षी पालमच्या एसटी स्टँडवर ती बाई भेटली. तिनेच ओळख दिली. राग नव्हता. विहारात बायकांना ती नवऱ्याची गाणी शिकवते, ढोलकीवाला साथ करतो, असं म्हणाली.

मला बरं वाटलं. मी म्हणालो, "म्हणजे गाणी राहिली तर."

"गाणी राहिली, सायेब," ती म्हणाली. "पण डोळे मिटून त्यांचा आवाज आठवाया गेले, की त्या दुसऱ्याचाच येतो."

तिची बस लागली आणि ती गेली.  नोकरीभर मी असं समजत आलो, की वस्तू सापडली, आरोपी सापडला, की आपलं काम झालं. त्या केसने मला शिकवलं, की माणसाचं काय गेलं हे तक्रारीत लिहिलेल्या वस्तूवरून कळत नाही. पूर्वी गाणं लोकांच्या घरात असायचं. आता ते कुणाच्या तरी परवानगीवर वाजतं आणि परवानगी संपली की नाहीसं होतं. ते घेऊन जाणाऱ्यावर लावायला माझ्याकडे कलम नव्हतं. ठाण्याच्या दप्तरी मात्र तो गुन्हा उघडकीस आलेला आहे, आणि त्यापुढे नोंद आहे: मुद्देमाल पूर्ण हस्तगत.