कुलूप लावलेले शब्द

इंग्रजी शब्दांवर माझा राग नाही. एकच शब्द चार ठिकाणी चार अर्थांनी वावरतो, तो त्याचा स्वभाव. माझं डोकं फिरतं ते त्याला एका अर्थात कोंडून बाहेरून कुलूप घालणाऱ्यांवर.

लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत आमचं भाषांतराचं ऑफिस आहे. मी इंग्रजी कागद जर्मनमध्ये करते. आमच्या साहेबांना जर्मनचं एक अक्षर येत नाही, पण कुठल्या इंग्रजी शब्दाला कुठला जर्मन शब्द वापरायचा, ते तेच ठरवतात. त्याची कॉम्प्युटरमध्ये यादी आहे. एका कारखान्याच्या कामात जो शब्द चालला, तो लॉक. पुढे विम्याचा कागद असो की आजाऱ्याचा, तोच शब्द. मी दुसरा लिहिला, तर कागद बाहेर पडण्याआधी कॉम्प्युटर माझा शब्द उडवून यादीतला बसवतो. शंका आली तर ज्याचा कागद आहे त्याला विचारायचं नाही, हाही नियमच.

नायगावच्या चाळीत आमच्या शेजारी राहणारी मुलगी परळच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. ड्युटीवरून येऊन, पाय वर घेऊन ती माझ्याकडे जर्मन शिकायला बसायची. थकून डोळे मिटायचे, तरी क्रियापदं घोकायची. परीक्षा पास झाली, जर्मनीतल्या एका हॉस्पिटलाने तिला घेतलं. तिने इथली नोकरी सोडली. तिच्या आईने सगळ्या मजल्यावर पेढे वाटले.

नोकरी सोडली की आपल्याकडे रिलीव्हिंग लेटर मिळतं. अमुक बाईंना कामातून ‘रिलीव्ह’ केलं, म्हणजे राजीनामा मंजूर झाला, हिशेब मिटला, आता जा सुखाने. तो कागद तिला जर्मनीला पाठवणाऱ्या एजंटमार्फत आमच्याच ऑफिसात आला. मी लिहिलं, स्वतःच्या इच्छेने नोकरी सोडली. कॉम्प्युटरने ते उडवलं. यादीत त्या इंग्रजी शब्दासमोर कारखान्याने कामगार कमी केले त्या कागदांतला शब्द होता: ‘एन्टलासन’. नोकरीच्या कागदावर जर्मन माणूस तो वाचतो, तेव्हा त्याला एकच कळतं, हिला काढून टाकलंय.

महिन्याभराने ती माझ्या दारात उभी. हातात फोन, त्यावर जर्मनीहून आलेली मेल.

“ताई, ते विचारतायत मला का काढलं म्हणून. मला कोणी काढलं गं?”

तिची आई मागून आली. “माझ्या चेडवान काय केल्यान? चोरी केल्यान?”

मी मेल वाचली, तेव्हा कळलं, यादीतला शब्द तसाच गेला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब मूळचे गिरगावचे, बोलणं साखरेत घोळलेलं. “मॅडम, शब्द चुकलेला नाही. यादीतलाच आहे. दुरुस्ती एजंटकडून येऊ द्या.”

“यादी बनवली कोणी?”

“असं पर्सनल घेऊ नका.”

पर्सनल! एका मुलीची वर्षं पाण्यात गेली आणि मी पर्सनल घ्यायचं नाही. एजंटकडून दुरुस्ती जाईपर्यंत जर्मनीतली जागा भरली. परळच्या हॉस्पिटलात तिच्या जागी दुसरी आली होती. मुलगी घरी बसली. आईने गॅलरीत उभं राहणं सोडलं, कारण जो तो विचारायचा, कधी निघणार?

सगळ्यात जास्त चीड कशाची आली असेल तर ती याची, की त्या मुलीला जर्मन येत होतं. तिने एकदा नजर टाकली असती तरी ओरडली असती. पण उमेदवाराला स्वतःचे कागद दाखवायची पद्धत नाही. एजंट देतो, आम्ही करतो, एजंट नेतो. ज्याच्या आयुष्याचा कागद, तो सोडून सगळ्यांचे हात त्याला लागतात.

काही महिन्यांनी दुसऱ्या जर्मन हॉस्पिटलाने तिला बोलावलं. कागद पुन्हा आमच्याकडेच आले. या वेळी मी तिला ऑफिसात घेऊन गेले आणि माझ्या खुर्चीत बसवलं. साहेब केबिनमधून बाहेर आले.

“हे काय चाललंय? बाहेरच्या माणसाला इथे बसवता येत नाही.”

ती उठली नाही. स्क्रीनवरून नजरही काढली नाही. “माझी नोकरी गेलीय, सर. वाचू द्या.”

साहेब तिथेच उभे राहिले. तिने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. ‘एन्टलासन’पाशी थांबून स्क्रीनवर बोट ठेवलं. “ताई, हा बदल.” यादीचं कुलूप साहेबांच्या पासवर्डाने उघडतं. मी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. सगळं ऑफिस बघत होतं. त्यांनी पासवर्ड टाकला. मी शब्द बदलला, तिने शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, “आता पाठव.”

एवढ्याशा वेळाचं काम, टेबलावरचा माझा चहा अजून गरम होता.