उरलेले सातशे किलोमीटर

इंझोरीत उकंडराव पडघानांच्या तोंडून 'नाही' हा शब्द ऐकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. जन्मभर त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली. गाडी खच्चून भरलेली असो, फाट्यावर कोणाचा हात दिसला की यांची घंटी वाजलीच. "सरका थोडं, माणूसच हाये तेही," एवढं त्यांचं भाषण. ड्रायव्हर चिडायचे, आतले लोक बडबडायचे, आणि दारात लटकलेले उकंडराव सगळ्यांकडे बघून हसायचे. मी त्यांचा शेजारी, इथल्याच शाळेत मास्तर. मला या स्वभावाचा भारी राग येतो. अडल्या वेळी मात्र मी त्यांच्याच दारात जातो, ही गोष्ट वेगळी.

त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून हे जन्मल्या जन्मल्या आईनं त्यांना उकिरड्यावर लोळवलं आणि नावही ठेवलं उकंडा, म्हणजे उकिरडाच. मरणानं कचरा समजून पुढं जावं, हा त्यामागचा हिशेब. "भाऊ, तुमची वॉरंटी तर मायनंच काढून ठेवली," असं मी त्यांना चिडवतो. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. "मास्तर, उकंड्यावर कोनीबी येऊन टाकते. उकंड्यानं नाही म्हनाचं नसते."

त्यांच्या पत्नी रुख्मिणाबाई. त्यांना गाडी लागते. एसटीत बसल्या की मुठीत लिंबू, तोंडाला पदर आणि डोळे मिटलेले. पुढच्या सीटवर जरा बरं वाटतं, मागं बसलं की पोटात ढवळतंच. नवऱ्याच्या गाडीतून त्या कितीदा तरी गेल्या, पण त्या बसलेल्या आणि हे उभे. कोणी बोट दाखवू नये म्हणून हे सगळ्यात आधी बायकोचं तिकीट फाडायचे. दोघं शेजारी बसून कुठं गेले, असं कधी झालंच नाही.

म्हणून निवृत्तीनंतर उकंडरावांनी नवी कार घ्यायची ठरवली, तेव्हा बाईंनी एकच मागितलं. "मले समोर बसाचं हाये, तुमच्या बाजूले. आन नागपूरले धम्मदीपाकडं जाचं. दोघंच." धम्मदीपा त्यांची एकुलती मुलगी, नागपुरात नर्स आहे.

उकंडरावांनी म्हातारपणी ड्रायव्हिंगचा क्लास लावला. गाडी घ्यायला गेलो तेव्हा शोरूमच्या पोरानं विचारलं, "एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची का काका? वर्षाला किती चालेल गाडी?"

"कायची चालते! महिन्यातून एकदा नागपूर."

"मग आत्ता घाई नाही. कंपनीची वॉरंटी दोन वर्षं किंवा चाळीस हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. ती संपायच्या आत कधीही वाढवता येते."

जे आधी होईल ते. तेव्हा आम्हाला वाटलं, दोन वर्षंच आधी होणार. आम्ही गाडीचा विचार केला, गावाचा केलाच नाही.

गावात गाडी आली आणि आठ दिवसांत ती गावाची झाली. कोणाच्या सुनेला कारंज्याच्या दवाखान्यात न्यायचं, कोणाच्या पोराची वाशीमला परीक्षा, कोणाकडे पोहरादेवीच्या यात्रेला पाहुणे आलेले. लोक वाईट नव्हते. पेट्रोल टाकायचे, हात जोडायचे, निघताना गाडी पुसूनही द्यायचे. पण पुढच्या सीटवर कधी पेशंट, कधी पेशंटचा बाप, कधी पाहुण्यांतला मोठा माणूस, आणि कोणी नसलं तर मी. रुख्मिणाबाई सोबत असल्या तर मागं, लिंबू हुंगत.

नागपूरचं ठरायचं आणि मोडायचं. एकदा तर बाईंनी पहाटे उठून धम्मदीपासाठी पुरणाच्या पोळ्या केल्या, डबा बांधला, नवं लुगडं नेसल्या. इतक्यात आमच्या गल्लीतला एकजण अकोल्याच्या दवाखान्यात वारल्याचा निरोप आला. घरच्यांना न्यायचं होतं. उकंडराव बायकोकडं बघत अंगणात नुसते उभे राहिले. तो डबा बाईंनी स्वतःच त्या घरच्या लेकरांच्या हातात दिला. "जा तुमी," एवढंच म्हणाल्या आणि लुगडं बदलायला आत गेल्या. मला इतका संताप आला होता, पण कोणावर काढणार? मेलेल्या माणसावर?

गेल्या आठवड्यात गाडी वाशीमच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगला न्यायची होती. बाईंना डोळे दाखवायचे होते, मला थोडं काम होतं. आम्ही तिघं गेलो. बाई सवयीनं मागच्या दाराशी गेल्या, आणि मी काही बोलायच्या आत बसल्यासुद्धा.

काउंटरवर वैष्णवी नावाची मुलगी होती. तिनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि भुवया वर केल्या. "काका, सव्वा वर्षात एकोणचाळीस हजार तीनशे? टॅक्सी चालवता का? टॅक्सीला ही वॉरंटी नसते हं."

"टॅक्सी कायची बाई, घरचीच गाडी हाये."

"कोनाच्या घरची, ते इचारा त्यायले," मागून रुख्मिणाबाई म्हणाल्या.

वैष्णवी हसली. "मग एक्स्टेंडेड वॉरंटी आजच घेऊन टाका. सातशे किलोमीटरच राहिलेत. चाळीस हजार झाले की मग नाही मिळणार. आणि तुमचं रनिंग पाहता घ्यायलाच पाहिजे."

आता उकंडरावांना कोणी 'घ्या' म्हटलं की हात खिशाकडे जातोच. तसा तो गेला. मीही मान डोलावली, कारण सल्ला चुकीचा नव्हता.

"नोका घेऊ," रुख्मिणाबाई म्हणाल्या.

"काहून वं?"

"बिघडू द्या ना एकदाची. बिघडली म्हनजे गाडी दारात उभी राहीन. मंग कोनी हात दाखोनार नाही." त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "वॉरंटी घेतली तं ते अजून लोकायसाठीच चालन. माह्यासाठी कुठी चालते?"

उकंडरावांनी खिशातला हात बाहेर काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. भर गर्दीत, दोन्हीकडून शिव्या खाताना हसणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्यांना हसता आलं नाही. "इचार करून सांगतो," ते कसेबसे म्हणाले.

सर्व्हिसिंग आणि बाईंचे डोळे दाखवणं उरकून निघालो, तेव्हा त्यांनी स्वतः पुढचं दार उघडलं. "बस. सातशे राह्यले ना? हे सातशे तुहे. रविवारी नागपूर, कोनी काही म्हनो. वॉरंटीचं आल्यावर पाहू."

मी गुपचूप मागं बसलो. बाईंनी लिंबू समोरच्या खणात ठेवलं आणि काच खाली केली. रस्त्यात काय काय बोलत होत्या! सोयाबीन कोणाचं बरं दिसतं, कोणत्या वळणावर यांच्या एसटीचं टायर फुटलं होतं, धम्मदीपाकडं गेल्यावर पहिल्यांदा काय खायचं. लिंबाला त्यांनी हातही लावला नाही. मला इतकं बरं वाटलं की मी मागं बसून झोपेचं सोंग घेतलं.

मंगरूळपीरच्या चौकात एक हात वर झाला.

आमच्या बाजूच्या तांड्यावरचा हेमला नावाचा म्हातारा होता. शेजारी दुकानाच्या पायरीवर त्याची सून बसलेली, दिवस भरलेले, घामानं डबडबलेली. दवाखान्यानं अकोल्याला न्यायला सांगितलं होतं आणि अ‍ॅम्ब्युलन्सला वेळ लागणार होता. "उकंडभाऊ, देवासारखे आले," हेमला रडवेला होऊन म्हणाला.

उकंडरावांनी गाडी थांबवली होती. पण या वेळी ते खाली उतरले नाहीत. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले. त्या क्षणी, मला वाटतं, ते खरंच 'नाही' म्हणायचा प्रयत्न करत होते. ओठ हलले, पण शब्द आला नाही. आणि तो यावा असं मलाही कसं म्हणता येईल? पोर कळा देत होती.

पुढचं दार उघडलं. रुख्मिणाबाई उतरल्या. "ये माय, तू समोर बस. मागं हादरे बसतात," म्हणत त्यांनी त्या पोरीला दंडाला धरून आपल्या जागेवर बसवलं, सीट मागं केली, पदरानं तिचा घाम पुसला. मग खणातलं लिंबू घेतलं आणि मागं माझ्या आणि हेमलाच्या मधे येऊन बसल्या.

गाडी अकोल्याकडे वळली. आरशात उकंडरावांचे डोळे दिसत होते. बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. थोड्या वेळानं, पदर तोंडाला लावूनच, त्यांनी मला हळू विचारलं, "मास्तर, अकोला जाऊन घरी गेलो तं सातशेतले किती राहतीन? नागपूर पुरते का?"

रविवारला अजून चार दिवस होते. त्या चार दिवसांत इंझोरीत काय काय होऊ शकतं, ते मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं.

"पुरते," मी म्हणालो.