एक ठोका म्हणजे थांब

देवबागच्या अलीकडे, खाडीच्या तोंडावर, जुनी जकात कचेरी उभी आहे. चिऱ्यांची, जांभ्या दगडाची. असल्या भिंती गुरुदास गवंडी कानाने वाचतो, असं लोक सांगतात. वाचतो म्हणजे काय, तर बोटभर हातोडीने एकेका चिऱ्यावर टिचकी मारायची. खणखणला तर चिरा जिवंत, भदभदला तर आतून गेला. बासष्ट वर्षांचा माणूस, पण कान अजून तिखट. म्हणून तर ही इमारत जतन करायची ठरली आणि तिची बाहेरची तब्येत तपासायला पुण्याहून रिया आली, तेव्हा यंत्रं सोबत असूनही तिने परांचीवर गुरुदासलाच घेतलं. तो सांगेल ते ती नकाशावर लिहायची. भक्कम. मिठाचा लोणा लागलेला. भुगा झालेला.

तीन बाजू दोन दिवसांत उरकल्या. पश्चिमेची तेवढी राहिली. तिकडे जायचं म्हटलं की गुरुदासला कधी ऊन लागे, कधी गुडघा धरे. अहो, गुडघा कसला डोंबलाचा! खाई त्याला खवखवे.

एकोणचाळीस वर्षांपूर्वी याच भिंतीची डागडुजी दोघा भावांनी घेतली होती. थोरला भिकाजी बाहेर परांचीवर, गुरुदास आत माळ्यावर. मध्ये दीड हात जाडीची भिंत आणि वर समुद्राची गाज, हाक मारली तरी ऐकू जायची नाही. म्हणून हातोडीच्या ठोक्यांची बोली. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड. छपराखालचा मोठा चिरा भिकाजी बाहेरून पेलून धरी, गुरुदास आतून ओढून घेई, आणि पकड बसली की दोन ठोके देई. त्या दुपारी भिकाजीने एक ठोका दिला. थांब, अजून बसला नाही. आणि आपल्या या शहाण्याने, बिडी पेटवायच्या घाईत, धड पकड नसताना दोन दिले. भावाने भावाच्या शब्दावर हात सोडले. चिरा बाहेर कलला आणि भिकाजीला घेऊनच खाली गेला.

"परांचीचो दोर तुटलो," असं गुरुदासने सांगितलं. सगळ्यांनी मानलं. बाराव्यानंतर भिंत त्याने एकट्याने पुरी केली. भावाची थापी त्याच चिऱ्यामागे ठेवली, आणि पुन्हा कुणी उघडू नये म्हणून चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, चुन्याऐवजी सिमेंटने ठासून भरल्या. जांभ्याला चुनाच हवा, जांभा श्वास घेतो, हे त्याच्या आज्याने घोकून घेतलं होतं. पण भ्यालेल्या माणसाची अक्कल पहिली जाते. त्या सिमेंटमागे खारं पाणी अडलं ते अडलंच.

थापी कुठे, असं वहिनीने विचारलं, तेव्हा खाडीत पडली म्हणाला. वहिनी म्हणजे शेवंती, भिकाजीची बायको. नवरा पडला त्याच जागी, त्याच भिंतीच्या सावलीत, ती तेव्हापासून सुके बांगडे विकायला बसते. दर चवथीला तिच्या घरचा गणपती गुरुदासच डोक्यावरून आणतो, तिथेच जेवतो. सगळं रीतसर. फक्त त्या भिंतीजवळून गेला की आतून एक ठोका येतो. एकच. भर दुपारी येतो, माणसांच्या गर्दीत येतो, आणि दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नाही. बायकोलासुद्धा त्याने हे कधी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी चढावंच लागलं. त्याने त्या चिऱ्यावर टिचकी मारली. भदभद. सिमेंटच्या कडेने लाल भुगा सुटला आणि खाली शेवंतीच्या टोपलीवर पडला. तिने वर न बघता तो झटकला. आता खरं सांगावं तर चिरा निघणार, आणि चिऱ्यामागून थापी.

"काका, हा कसा आहे?" रियाने विचारलं.

"भक्कम आहे मॅडम. लिहा."

रियाने लिहिलं. आणि ठोका आला. एकच. ती नकाशात डोकं घालून बसलेली, तिला पत्ता नाही. गुरुदासच्या तळहाताखाली मात्र चिरा हलला. एकदा हा ठोका त्याने मानला नव्हता. आज मानला.

"खोडा मॅडम," तो ओरडला. "पार गेलाय तो! खालची माणसं हलवा आधी!"

तो खाली उतरून शेवंतीपाशी गेला.

"वैनी, ऊठ हयसून."

"कित्याक रे? इतकी वर्सां हयच बसतंय. आज काय झाला?"

"चिरो पडतलो."

"पडांदे. माझो घोव पडलो तेव्हा मी खंय उठलंय?"

मग त्याला सांगावंच लागलं. बिडी, दोन ठोके, दोर, थापी, सगळं. शेवंती ऐकत राहिली. एक गिऱ्हाईक आलं, उभं राहिलं, निघून गेलं. मग ती उठली आणि टोपली स्वतःच ओढत माडाखाली गेली. त्याने हात लावायला पुढे केला तो तिने बाजूला सारला.

दुपारी चिरा काढला. अर्धा हातातच विरघळला. मागे थापी होती, गंजून पातळ झालेली, मूठ केव्हाच कुजून गेलेली. शेवंतीने ती पदराने पुसली आणि टोपलीत ठेवली.

"तेणां थांब म्हणान सांगल्यान," ती म्हणाली. "तू सोड म्हटलंस. येत्या चवथीक माझ्याकडे येव नको."

पावसाळ्याआधी भिंत चुन्यात पुन्हा बांधून झाली. चवथीच्या दिवशी सगळ्या वाडीत आरत्या चालल्या होत्या, तेव्हा गुरुदास हातोडी घेऊन त्या भिंतीपाशी आला. एक ठोका मारला. थांबला. मग दोन मारले. पुन्हा कान लावून कितीतरी वेळ उभा राहिला. चिरे सगळे खणखणीत होते. आत कुणीच नव्हतं.