आईचा फोटो चौकात

रेश्माला अक्षर कळायच्या आधी कोळसा कळला. चुलीतला विझलेला कोळसा घेऊन ती गोठ्याची भिंत काळी करायची. म्हस, म्हशीवरचा बगळा, मोळी बांधणाऱ्या बायका आणि चुलता लालासाहेब, म्हणजे नाना, नाकासकट. ते नाक बघून अख्खी आळी हसली आणि नानांनी बरेच दिवस तिच्याशी अबोला धरला. शाळेत चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षांना तिला 'ए' मिळाला. बाई घरी येऊन सांगून गेल्या, हिला सांगलीला कलेच्या कॉलेजात घाला. त्याच वर्षी बाप गेला. कॉलेजचा विषय मग कुणी काढला नाही, तिनंही नाही. इस्लामपुरात कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि एका फ्लेक्सच्या दुकानात खुर्चीवर बसली ती बसलीच.

आधी चेहरे काढायची, आता चेहरे दुरुस्त करायला लागली. वाढदिवसाचा पुढारी उजळ करायचा, त्याचं टक्कल झाकायचं, श्रद्धांजलीच्या म्हाताऱ्याच्या नाकातली दवाखान्याची नळी पुसायची. हात असा बसला की काय पुसलं ते मालकालाही सापडायचं नाही. गिऱ्हाईक दारातनंच विचारायचं, "मॅडम हाईत का? मग बसतो."

यंदा धाकटा भाऊ साईराज सैन्यात भरती झाला. ट्रेनिंग संपवून गावात येणार म्हणजे हलगी, ट्रॅक्टरवरनं मिरवणूक आणि चौकात फ्लेक्स हे आलंच. वर गणवेशातला साईराज, खाली आईवडील. वडिलांच्या फोटोला हार. आईचा, लीलाबाईचा, धड फोटो एकच होता. वडील असताना कुणाच्या तरी लग्नात काढलेला, तोंडभर हसू आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

लालासाहेब स्वतः दुकानात आले. खुर्ची ओढून स्क्रीनला नाक लावून बसले.

"फोटू बेस हाय. हासतीया वहिनी. फकस्त कपाळावरचं तेवढं काढ."

"काय काढू?"

"आता सांगाय पायजे व्हय? कुंकू काढ."

"आवं नाना, दादा जित्तं हुतं तवाचा फोटू हाय ह्यो."

"फोटूवर काय तारीख लिवलीया? शेजारी नवऱ्याला हार आन् हिच्या कपाळाला कुंकू. लोकं शेण घालतील तोंडात."

"विधवांच्या प्रथा बंद म्हणून ग्रामपंचायतीत ठराव झाला, तवा पयला हात तुमचाच वर हुता की."

"ठराव दप्तरात हाय, रेश्मे. फ्लेक्स चौकात लागतोय. पोरगं बॉर्डरला जाणार, आन् त्येच्या फोटूखाली असलं इपरीत नगं मला."

रेश्मानं आईला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. लीलाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काढ. भावजी म्हणत्यात तसं कर. न्हाईतर माझा फोटूच घालू नगंस."

रेश्मानं माऊस फिरवला. कपाळ साफ.

"वा!" नाना खूश झाले. "जलमात कवा लावलं हुतं असं वाटत न्हाई बघ."

हे वाक्य तिला लागलं. नाना गेल्यावर तिनं कुंकू परत आणलं आणि फाईल प्रिंटला सोडली.

साईराज यायच्या दिवशी फ्लेक्स थेट चौकात नेऊन बांधला. लीलाबाई न्हाऊन, कडक इस्त्रीचं लुगडं नेसून निघाली होती. चौकाच्या वळणाला आली, वर बघितलं आणि आल्या पावली माघारी फिरली. हलगी कडाडली, पोरं नाचली. चुलतीनं साईराजला ओवाळलं. तो सारखा मान वर करून गर्दीत बघत होता. "आई कुठाय?" त्यानं विचारलं. नानांनी बोट उचललं ते रेश्माकडं. "हिला इचार."

लीलाबाई गोठ्यात धार काढत बसली होती.

"आई, तुझ्यासाठी केलं म्या."

"माझ्यासाठी?" लीलाबाईनं वर बघितलं नाही. "भावजी म्हणालं काढ, तू म्हणलीस ठिव. भांडान तुमचं दोघांचं, कपाळ माझं."

"तू नानांच्या भ्यानं तसं बोललीस."

"भ्यानं म्हण न्हाईतर कशानं म्हण. बोलले का न्हाई? तुला ऐकू आलं का न्हाई?"

रेश्मा खांबाला टेकून उभी राहिली.

"चित्र झ्याक झालंय," लीलाबाई म्हणाली. "तुझ्या हाताला तोड न्हाई. पर तू बसणार इस्लामपुरात. त्याच्याखालनं दळणाला जायाचं मला. बाया इचारणार मला. ववाळाय देत न्हाईत ते ठावं हुतं. लांबनं पोरगं येताना बघणार हुते. तेबी गेलं."

तेवढ्यात साईराज गणवेशातच आत आला, शेणातनं तसाच येऊन पाया पडला. लीलाबाईनं हात पदराला पुसून त्याच्या तोंडावरनं फिरवला. "वाळलास की रं," म्हणाली. रेश्मा बाजूला सरकली.

दुसऱ्या दिवशी भावाबहिणीनं फ्लेक्स उतरवला. रेश्मा तो गुंडाळून दुकानात न्यायला लागली तशी लीलाबाई आडवी आली.

"ठिव हितंच. कडब्याच्या गंजीवर पावसात टाकाय कागद न्हाई."

रेश्मा शिडीवर चढली. फ्लेक्स पसरला. खालनं आई ओरडली, "चेहरे खाली कर. आन् कडंनं दगड ठिव, वाऱ्यानं उताणा हुईल."

रेश्मानं फ्लेक्स पालथा केला. लीलाबाई एकेक दगड वर देत राहिली.